वादळाखालचं पाणी

पोस्टिंगच्या गोष्टींत आज गोपालपूर. एअर डिफेन्सवाल्यांना हे नाव सांगायला नको. कोर्सच्या निमित्ताने का होईना, प्रत्येकाने तिथली वाळू बुटात भरून आणलेली आहे. बाकीच्यांसाठी सांगतो. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यात, ब्रह्मपूरहून अर्ध्या तासाच्या अंतरावर, समुद्राला चिकटून बसलेलं हे लहानसं गाव. एक दीपगृह, जुन्या धक्क्याचे पडके खांब, सुरूचं बन, केवड्याची बेटं आणि तेलुगू बोलणारे नोलिया कोळी. एके काळी इथून रंगूनला बोटी सुटायच्या, हे आज कुणाला सांगून पटत नाही.

१२ ऑक्टोबर २०१३ च्या रात्री 'फायलिन' नावाचं चक्रीवादळ याच गावाजवळ जमिनीवर चढलं. वारा ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. नवरात्र संपत आलं होतं. आम्ही संध्याकाळपासूनच दारं-खिडक्या ठोकून आत बसलो होतो. हत्यारं कोत मध्ये, गाड्या आडोशाला, पाणी भरून ठेवलेलं, टॉर्चचे सेल बदललेले. फौजेत तयारी म्हणजे काय ते सगळं झालं होतं. तरी रात्री दहानंतर जो आवाज सुरू झाला त्याची तयारी कुणाचीच नव्हती. तोफेचा आवाज येतो आणि जातो. हा जात नव्हता. मध्यरात्रीनंतर वाऱ्याने दिशा बदलली आणि इतका वेळ एका बाजूला वाकलेली झाडं दुसऱ्या बाजूने मोडायला लागली.

तिसऱ्या दिवशी रस्ता मोकळा करत आमची पार्टी किनाऱ्यापर्यंत पोहोचली. हात-पाय धुवायला मी पाण्यात उतरलो. पाणी कोमट होतं. त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही. किनाऱ्यावरच्या गुडघाभर पाण्यावरून खोल समुद्राचा अंदाज करू नये हेही खरं. पण पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं की पुस्तकातल्या नियमाप्रमाणे एवढं मोठं वादळ गेल्यावर त्याच्या वाटेवरचा समुद्र गार पडायला हवा. बंगालच्या उपसागराचा उत्तर भाग मात्र ऑक्टोबरात हा नियम पाळत नाही. तो का पाळत नाही आणि माणसाला हे कसं कळत गेलं, त्याची ही हकिकत आहे. मी समुद्रशास्त्रज्ञ नाही, गनर होतो. पण दोन वादळांनी मला हा विषय सोडू दिला नाही.

दुसरं वादळ खरं म्हणजे पहिलं. १९९९. कारगिलचं वर्ष. नोकरीला जेमतेम तीन वर्षं झाली होती. ऑक्टोबरच्या शेवटी आमच्या युनिटचा एक कॉलम मदतकार्यासाठी जगतसिंगपूर जिल्ह्यात एरसमा भागात गेला. २९ ऑक्टोबरला पारादीपजवळ महाचक्रीवादळ धडकलं होतं. वारा ताशी २६० किलोमीटर, समुद्र पाच-सहा मीटर उंच होऊन शेतांतून आत आलेला. सरकारी आकडा दहा हजार मृत्यूंच्या जवळ जातो. तिथे जे पाहिलं ते इथे लिहीत नाही. ज्यांनी ते काम केलं आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांनी केलं नाही त्यांनी ते जेवताना मोबाईलवर वाचू नये. एक गोष्ट मात्र लिहितो. एका उंचवट्यावर वाचलेल्या वीसेक माणसांत एक म्हातारे होते, सगळे त्यांना मउसा म्हणायचे, आम्हीही म्हणायला लागलो. त्यांना पाण्याचे पाउच देताना त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं, "बाबू, एक महिन्यात दोन-दोन कशी येतात?"

त्यांचं बरोबर होतं. त्याच महिन्यात १७ तारखेला एक वादळ गोपालपूरच्या बाजूला येऊन गेलं होतं. बारा दिवसांत त्याच उपसागरातून दुसरं आलं, आणि ते पहिल्यापेक्षा कितीतरी मोठं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. "मउसा, देवाची करणी," असं काहीतरी बोललो आणि पुढच्या माणसाला पाउच दिला.

आता थोडं मागे जाऊ. चक्रीवादळाला इंग्रजीत 'सायक्लोन' म्हणतात. तो शब्द लंडनला नाही, कलकत्त्याला जन्मला. हेन्री पिडिंग्टन हा व्यापारी जहाजांवरचा माणूस. पुढे कलकत्त्यात स्थायिक झाला आणि तिथल्या सागरी चौकशी न्यायालयाचा अध्यक्ष झाला. जहाज बुडालं की कप्तानाची चौकशी त्याच्यापुढे. त्यामुळे बुडालेल्या, वाचलेल्या, शीड फाटलेल्या अशा सगळ्या जहाजांच्या नोंदवह्या त्याच्या टेबलावर यायच्या. १८३९ पासून त्याने वादळांवर लेख लिहायला सुरुवात केली आणि १८४८ साली खलाशांसाठी एक पुस्तक काढलं. त्यात ग्रीक भाषेतल्या सापाच्या वेटोळ्यावरून त्याने 'सायक्लोन' हा शब्द घडवला.

पिडिंग्टनच्या नोंदींतली माझी आवडती गोष्ट 'चार्ल्स हेडल' या जहाजाची. फेब्रुवारी १८४५ मध्ये मॉरिशसजवळ हे जहाज वादळात सापडलं. कप्तानाने वाऱ्याला पाठ देऊन पळायचं ठरवलं. पळता पळता पाच दिवस गेले. जहाजाच्या नोंदवहीवरून पिडिंग्टनने नकाशावर मार्ग काढला, तर जहाज वादळाच्या मध्याभोवती गोल गोल फिरत राहिलं होतं. बैल घाण्याला फिरतो तसं. कप्तानाला वाटत होतं आपण सरळ चाललो आहोत. वादळ गोल असतं याचा याहून चांगला पुरावा कुणी दिला नसेल.

या गृहस्थाने १८५३ साली गव्हर्नर जनरल डलहौसीला एक उघड पत्रही लिहिलं. मातला नदीवर नवं बंदर बांधायचं घाटत होतं. तिथे बांधू नका, वादळाबरोबर समुद्र आत येईल, असं त्याने स्पष्ट कळवलं. सरकारने ऐकलं नाही. पोर्ट कॅनिंग उभं राहिलं, पिडिंग्टन १८५८ मध्ये वारला, आणि १८६७ च्या वादळात बंदराची वाताहत झाली. खालच्याने लेखी दिलेला रिपोर्ट वरच्याने बाजूला ठेवला की काय होतं, ते आपल्याला नव्याने शिकायला नको.

मधल्या काळात, ऑक्टोबर १८६४ मध्ये, कलकत्त्यावर मोठं वादळ येऊन गेलं होतं. त्यात हजारोंनी माणसं मेली. दोन वर्षांनी ओडिशाचा दुष्काळ. या सगळ्याचा परिणाम म्हणून १८७५ साली भारतीय हवामान खातं सुरू झालं. पण लक्षात घ्या, पिडिंग्टन असो की हवामान खातं, सगळ्यांची नजर वर होती. वारा, दाब, ढग, पाऊस. वादळाखालच्या पाण्यात काय चाललंय हे कुणी विचारत नव्हतं, आणि विचारलं असतं तरी बघायचं कशाने?

ती गोष्ट कळायला सुरुवात झाली भलतीकडेच, बर्फात.

१८९३ साली नॉर्वेचा फ्रिट्जॉफ नान्सेन 'फ्राम' नावाचं जहाज घेऊन उत्तर ध्रुवाकडे निघाला. जहाज मुद्दाम बर्फात अडकवायचं आणि बर्फाबरोबर वाहत जायचं, असा बेत. या एकाच सफरीत त्याच्या दोन गोष्टी ध्यानात आल्या, आणि गंमत म्हणजे गोपालपूरचं कोडं सोडवायला त्या दोन्ही लागतात. पहिली, सैबेरियाच्या किनाऱ्याजवळ एके ठिकाणी जहाज जणू कुणी मागून धरल्यासारखं मंदावलं. इंजिन चालू, वारा नाही, लाट नाही, तरी जहाज पुढे सरकेना. तिथे खाऱ्या पाण्यावर वितळलेल्या बर्फाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर पसरला होता. जहाजाची सगळी ताकद त्या दोन थरांच्या मधल्या सीमेवर, पाण्याच्या आत, लाटा उठवण्यात खर्च होत होती. वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नव्हतं. दुसरी गोष्ट, वारा ज्या दिशेने वाहतो त्या दिशेने बर्फ जात नाही, उजवीकडे वीस ते चाळीस अंश कलून जातो.

दोन्ही प्रश्न नान्सेनने परत आल्यावर पुढे केले आणि ते सोडवले वॅगन वाल्फ्रिड एकमन या तरुण स्वीडिश विद्यार्थ्याने. उजवीकडे कलण्याचं कारण पृथ्वीचं फिरणं. उत्तर गोलार्धात चालत्या वस्तूला ते सतत उजवीकडे वळवतं. तोफखान्यातल्या लोकांना हे नवीन नाही. लांब पल्ल्याच्या गोळ्याला ही दुरुस्ती द्यावी लागते. पण गोळा मिनिटभरात पडतो. पाणी पडत नाही, ते चालतच राहतं. मग वारा थांबल्यावर त्या चालत्या पाण्याचं काय होईल? ते सतत उजवीकडे वळत वळत गोल फिरेल आणि फिरतच राहील.

१९३३ च्या उन्हाळ्यात बाल्टिक समुद्रात दोन स्वीडिश संशोधकांनी, गुस्ताफसन आणि कुलेनबर्ग यांनी, प्रवाह मोजायचं यंत्र पाण्यात टांगून ठेवलं आणि नेमकी हीच वर्तुळं कागदावर उतरवली. त्यांच्याकडे एका फेरीला साधारण चौदा तास लागत होते. ध्रुवाजवळ फेरी बारा तासांची, आणि विषुववृत्ताकडे यावं तसा वेळ वाढत जातो. गोपालपूर एकोणीस अंशांच्या थोडं वर आहे. तिथे एक फेरी सुमारे छत्तीस तासांची, म्हणजे दीड दिवसाची. मुंबईही जवळपास त्याच अक्षांशावर आहे, तेव्हा मुंबईसमोरच्या खोल समुद्रातही तेवढाच वेळ.

आता या पाण्यावरून वादळ जाऊ द्या. वादळ पुढे सरकतं तेव्हा त्याच्या वाटेच्या उजव्या बाजूला उभ्या असलेल्या बोटीला वारा कसा लागेल? आधी एका बाजूने, मग हळूहळू वळत दुसऱ्या बाजूने, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. पाण्यालाही उत्तर गोलार्धात तसंच वळायची सवय आहे. दोघांचा ताल जमला की वारा पाण्याला सतत योग्य वेळी ढकलतो. मुलाला झोका देताना आपण परत येणाऱ्या झोक्याला धक्का देत नाही, जाणाऱ्याला देतो, तसं. डाव्या बाजूला वारा उलट वळतो आणि पाण्याशी त्याचा ताल तुटतो. परेडमध्ये अर्धी तुकडी 'दाहिने' आणि अर्धी 'बाएँ' वळली तर जो गोंधळ होईल तो. म्हणून मोठ्या वादळाच्या उजव्या अंगाला वरच्या थरातला प्रवाह सेकंदाला मीटरभरापर्यंतही जातो आणि डावीकडे तो कितीतरी कमी असतो.

हे प्रवाह शेकडो किलोमीटर पसरलेले असतात. पण खरं काम त्यांच्या तळाशी होतं, आणि ते काम फार लहान आहे.

माझं लहानपण कृष्णाकाठच्या गावात गेलं. समुद्र मी पहिल्यांदा भरतीनंतरच पाहिला. पण विहिरीत पोहायला शिकलेला प्रत्येक माणूस एक गोष्ट जाणतो. मे महिन्यात उडी मारली की छातीपर्यंत पाणी ऊन आणि पायाला बर्फासारखं गार. मधे भिंत नाही, काही नाही, तरी दोन्ही पाणी वेगवेगळी राहतात, कारण ऊन पाणी हलकं आणि गार जड. खाली बुडी मारून हातपाय झाडले की गार पाणी वर येतं आणि काठावरची पोरं ओरडतात. समुद्र तसाच आहे, फक्त विहीर मोठी.

वादळाच्या वाऱ्याने वरचा थर धावायला लागतो, खालचा जागीच असतो. एकावरून एक घसरणाऱ्या या दोन थरांच्या सीमेवर लहान लहान लाटा उठतात, त्या वळतात, स्वतःभोवती गुंडाळतात आणि फुटतात. एखादी गुंडाळी काही मीटरची, तिच्यातून निघणारा भोवरा हातभर, त्याच्या पोटातला वीतभर, त्याच्याही आतला बोटाच्या पेराएवढा. या साखळीच्या शेवटी गार पाण्याचा एक थेंब गरम पाण्यात मिसळतो. असे थेंब किती, याला हिशेब नाही. ताक घुसळताना रवी मोठी फिरते, पण लोणी सुटतं ते बारीक बुडबुड्यांच्या जागी.

आणि हे घुसळणंच वादळाचा ब्रेक आहे. चक्रीवादळ समुद्राच्या उष्णतेवर जगतं. पाणी साधारण साडेसव्वीस अंशांपेक्षा गरम असेल तरच ते उभं राहतं. ही उष्णता म्हणजे त्याची रसद. वादळ जितकं जोरदार, तितकं ते पाणी जोरात घुसळणार, तितकं खालचं गार पाणी वर येणार आणि त्याची रसद त्याच्याच पायाखाली तुटणार. समुद्र गार पडतो त्यातला मोठा वाटा या घुसळण्याचा असतो. हवेत निघून जाणाऱ्या उष्णतेचा वाटा त्यामानाने थोडा. म्हणजे शेकडो किलोमीटर रुंदीचं वादळ वाढणार की दमणार, हे बरंचसं वीतभर भोवऱ्यांच्या हातात आहे.

हे प्रत्यक्ष मोजायला हत्यार मिळालं ते लढाईमुळे. १९३० च्या दशकाच्या शेवटी अॅथेल्स्टन स्पिलहाउसने बॅथिथर्मोग्राफ बनवला. चालत्या जहाजावरून दोरीने पाण्यात सोडायची एक पितळी नळी, तिच्यात काजळी धरलेली काचेची पट्टी. खोली आणि तापमान त्या पट्टीवर आपोआप ओरखड्याने उमटायचं. दुसऱ्या महायुद्धात नौदलांनी हे यंत्र भराभर वापरलं, कारण सोनारचा आवाज गरम आणि गार पाण्याच्या सीमेवर वाकतो आणि पाणबुडी त्या सीमेखाली लपते. नेव्हीवाले वाचक इथे मान डोलवतील. शत्रू शोधायला बनवलेलं यंत्र शांततेत वादळाच्या मागावर गेलं. १९६४ च्या ऑक्टोबरात मेक्सिकोच्या आखातातून 'हिल्डा' हे वादळ गेलं आणि डेल लायपर हा संशोधक त्याच्या मागोमाग जहाज घेऊन गेला. वादळाच्या वाटेवर पाणी पाच अंशांहून जास्त गार झालेलं त्याला सापडलं. वादळ मागे थंड पट्टा सोडून जातं हे मग पुस्तकात पक्कं झालं.

पुस्तकातला नियम तो हाच. आता आपल्या उपसागराकडे या.

गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी. पावसाळाभर या नद्या जे पाणी आणतात ते सगळं या एका उपसागरात जातं, वर पाऊस पडतो तो वेगळा. गोडं पाणी हलकं. ते खाऱ्यावर पसरून राहतं, दुधावर साय धरते तसं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उत्तरेकडच्या भागात ही साय दहा-वीस मीटर जाडीची असते. हेच ते, 'फ्राम'ला धरून ठेवणारं पाणी, फक्त इथे बर्फाऐवजी हिमालय आणि मान्सून. पण खरी मेख सायीच्या खाली आहे. सायीखालचं पाणी खारं आहे, पण गार नाही. तेही गरमच आहे, आणि असा गरम थर आणखी कितीतरी मीटर खोल जातो. शास्त्रज्ञ त्याला अडसर-थर म्हणतात. खरं गार पाणी त्याच्याही खाली असतं.

तेव्हा वादळ येतं, प्रवाह उठतात, भोवरे गुंडाळतात, घुसळण होते. सगळं पुस्तकाप्रमाणे. पण घुसळून वर येतं ते काय? खारट पाणी. गार नाही. खालून खाऱ्याचा थेंब वर येतो, गोड्यात मिसळतो, आणि वाऱ्याची सगळी ताकद साय मोडण्यात जाते. गार पाण्यापर्यंत तिचा हात पोहोचतच नाही. ब्रेक दाबला जातो, पण तो लागत नाही.

हे पुस्तकी बोलणं राहिलं असतं, जर समुद्रात आपले बोया उभे नसते. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने बंगालच्या उपसागरात खोल पाण्यात बोया नांगरून ठेवले आहेत. एका दोरखंडावर वरपासून खालपर्यंत तापमान, खारेपणा आणि प्रवाह मोजणारी यंत्रं, तासातासाची नोंद. मासेमारीच्या बोटी त्यांना दोर बांधतात, यंत्रं पळवली जातात, हा त्या लोकांचा कायमचा त्रास. पोस्टवर एकटा संत्री उभा करावा आणि रिलीफ सहा महिन्यांनी यावी, तशी त्या बोयाची ड्युटी. फायलिन गेलं तेव्हा त्याच्या वाटेजवळ एक बोया होता आणि सुमारे दोनशे किलोमीटरवर आणखी तीन.

त्यांनी जे नोंदवलं ते बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी पुढे मांडलं. वादळाआधी वर पातळ गोडा थर, खाली जाड गरम थर. वारा वाढला तसं वरचं पाणी धावायला लागलं, थरांमधली घसरण वाढली आणि पृष्ठभागावरचा खारेपणा झपाट्याने चढला. गोडं पाणी चाळीस-पन्नास मीटर खोलपर्यंत मिसळून गेलं. आणि तापमान? जवळपास जागच्या जागी. पाणी गार झालं ते अगदी थोडं. त्या वेळी अंतराळात 'अॅक्वेरियस' हा उपग्रह समुद्राचा खारेपणा मोजत होता. त्याने वरून पाहिलं तर सुमारे दहा लाख चौरस किलोमीटर समुद्राचा खारेपणा हजारी दीड ते तीन एककांनी वाढलेला. आपली तीन महाराष्ट्रं मावतील एवढा समुद्र एका वादळाने घुसळून काढला होता. आणि तरी तो गरमच राहिला होता.

त्याच संस्थेतल्या आधीच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती. पावसाळ्याआधी, एप्रिल-मे मध्ये येणाऱ्या वादळांमागे हाच उपसागर दोन-तीन अंशांपर्यंत गार पडतो, कारण तेव्हा नद्या आटलेल्या असतात आणि साय पातळ. पावसाळ्यानंतर उत्तर भागात तसं होत नाही. म्हणजे समुद्र एकच, वादळही तसंच, पण पावसाळ्यात गंगेला पूर आला की नाही याचा हिशेब ऑक्टोबरमध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर चुकता होतो.

मे महिन्यातली वादळं त्यामुळे सोपी, असा अर्थ कुणी काढू नये. ३ मे २०१९ ला पुरीवर आलेलं 'फनी' ज्यांनी पाहिलं ते तसं म्हणणार नाहीत. पाणी मुळात फार गरम असलं आणि वादळ भराभर पुढे सरकत असलं तर घुसळणीला वेळच मिळत नाही. आपल्या बाजूचा अरबी समुद्र वेगळ्या घडणीचा. तिथे एवढ्या नद्या नाहीत, बाष्पीभवन जास्त, पाणी जास्त खारं, अशी साय तिथे धरत नाही. तिकडचा ब्रेक जरा बरा लागतो. तरी २०२० च्या जूनमध्ये 'निसर्ग' अलिबागजवळ आलं आणि रायगड-रत्नागिरीच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवून गेलं. पुढच्या वर्षी 'तौक्ते'त मुंबईसमोर पी-३०५ हा तराफा बुडाला, आणि 'आयएनएस कोची' व 'आयएनएस कोलकाता'च्या नौसैनिकांनी त्या समुद्रातून माणसं काढली. त्या समुद्रात पोहणाऱ्या माणसाकडे जहाज नेणं म्हणजे काय, हे जमिनीवरच्या आपण फौजींनी नुसतं ऐकून घ्यावं.

फायलिनच्या वेळी ओडिशात दहा लाखांच्या आसपास माणसं आधीच हलवली गेली होती. वादळ कुठे येणार हे हवामान खात्याने दिवसांआधी अचूक सांगितलं. काही परदेशी अंदाज याहून भयंकर वाऱ्याचे होते, पण आपलं खातं आपल्या आकड्यावर ठाम राहिलं आणि बरोबर ठरलं. ओडिशात मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. १९९९ मध्ये जे हात प्रेतं उचलत होते, त्याच हातांनी २०१३ मध्ये झाडं तोडली. माझ्या नोकरीत मी पाहिलेला हा सर्वात मोठा फरक आहे, आणि त्यात एकही गोळी चाललेली नाही.

मात्र कुठे येणार हे सांगणं आणि किती जोरात येणार हे सांगणं यात अजून अंतर आहे. पहिलं बरंचसं वरच्या हवेवरून कळतं. दुसऱ्यासाठी खालचं पाणी माहीत असावं लागतं. वरचं तापमान तर आहेच, पण साय किती जाड, तिच्याखाली गरम पाणी किती खोल, आणि ही घुसळण किती खोल जाणार, हे सगळं. म्हणून आता वादळाच्या संगणकी अंदाजात हवेला समुद्र जोडतात. दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोल जाऊन वर येणारे आर्गो तरंगक आणि ते बोया त्यासाठी माहिती पुरवतात. पण वीतभर भोवरा कुठल्याच नकाशात मावत नाही. त्याचा परिणाम हिशेबाने धरावा लागतो, आणि तो हिशेब जरा चुकला की दोनशेचा वारा दीडशे होतो किंवा अडीचशे.

मउसांच्या प्रश्नाकडे मी असा फिरून आलो. त्यांना आता भेटलो तर निदान एवढं सांगेन की मउसा, या महिन्यात तुमच्या समुद्रावर नद्यांची साय असते. वादळाने घुसळलं तरी तो सहजासहजी गार होत नाही, आणि गार झाला नाही तर दुसऱ्या वादळाचं जेवण तयारच राहतं. १९९९ च्या त्या दोन्हींचं नेमकं काय झालं ते यापेक्षा गुंतागुंतीचं असणार, दोघांची वाटही एक नव्हती. पण "देवाची करणी" यापेक्षा हे उत्तर त्यांना आवडलं असतं. ते स्वतः शेतकरी होते, पाण्याच्या थरांचं त्यांना कळत होतं.

गोपालपुरात आम्ही नऊ दिवस रस्त्यांवर होतो. सुरूची झाडं, विजेचे खांब, पत्रे. एका नोलिया काकांनी फुटलेल्या होडीवर बसून आम्हाला चहा पाजला आणि समुद्राकडे बोट दाखवून म्हणाले, हवा गेली, पण पाणी अजून बसलं नाही. मी पाहिलं तर समुद्र शांत होता, साध्या लाटा येत होत्या. मला वाटलं म्हातारा घाबरलेला आहे. आता हिशेब करतो तेव्हा कळतं, त्या नऊ दिवसांत लांब खोल पाण्यात वादळाने फिरवलेल्या पाण्याला सहा फेऱ्या मारायला वेळ मिळाला होता. त्या फेऱ्यांच्या लाटा थराथराने खाली उतरत होत्या, आणि वाटेत कुठे कुठे अजून एखादी गुंडाळी फुटत होती.